वनमोजणी आणि रिमोट सेन्सिंग शिकायचंय, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आला होता: "मी बी.एस्सी. वनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे फॉरेस्ट इन्व्हेंटरी आणि रिमोट सेन्सिंगमध्ये एम.एस्सी. किंवा एम.टेक. करायचं आहे. आता उपग्रहावरून सगळं दिसतं, मग प्लॉट टाकून झाडं मोजायला एवढं का शिकवतात? कोडिंग किती लागतं? कुठलं विद्यापीठ घ्यावं? आणि बाबा विचारतात, मुलीला जंगलातलं काम जमेल का?"

चार प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर नीट पोचलं की पुढच्या दोघांचं निम्मं काम होतं, म्हणून त्याच्यावरच जास्त वेळ घालवते.

उपग्रहाला झाड दिसत नाही. त्याला उजेड दिसतो. आपल्या भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ सेन्सरचा एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला एक चौकोनी ठिपका, २३.५ मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस मीटर जमीन. विदर्भातल्या सागाच्या जंगलात एवढ्या जागेत दहापंधरा झाडांचे शेंडे, खाली घाणेरीचं जाळं, मधे मोकळा मुरूम आणि या सगळ्यांच्या सावल्या असं बरंच काही मावतं. सेन्सर त्या सगळ्याचा मिळून एक आकडा देतो: हिरव्या पट्ट्यात एवढा उजेड परतला, लाल पट्ट्यात एवढा, अवरक्तात एवढा. लाकूड मात्र पानांखाली, खोडात असतं. उजेडाच्या आकड्यापासून लाकडाच्या घनमीटरापर्यंत न्यायला कुणीतरी त्याच जागी जाऊन खोडाला टेप लावलेली असावी लागते. ती टेप लावलेली जागा म्हणजे प्लॉट.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, फजिती होऊन कळलं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी मेळघाटातलं एक अख्खं परिक्षेत्र पाच वर्षांत उजाड करून टाकलं होतं. नकाशा लालभडक. मी खूश, की केवढा मोठा निष्कर्ष हाती लागला! सरांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "एप्रिलमध्ये तिथे कधी गेली आहेस का?" माझी पहिली प्रतिमा नोव्हेंबरची होती, दुसरी एप्रिलची. एप्रिलमध्ये साग उघडाबोडका उभा असतो, सालई आणि मोवईही तशीच. जंगल कुठे गेलेलं नव्हतं, पानं गळली होती. भारतीय वन सर्वेक्षण संस्था पानगळीच्या राज्यांसाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा घेते ते याचसाठी: ढग सरलेले असतात आणि पान अजून झाडावर असतं. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. ऑक्टोबरात घाणेरी आणि रानमोडीही तरारलेली असते, आणि विरळ जंगलाखाली ती माजली असेल तर पिक्सेल चांगला हिरवागार दिसतो.

आता व्याख्या. हा विषय शिकायचा तर देशाचा वनस्थिती अहवाल वाचता आला पाहिजे, आणि तो वाचायचा म्हणजे आधी व्याख्या वाचायची. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, जिच्यावर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के किंवा जास्त आहे, ती 'वनाच्छादन'. जमीन कुणाची, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, झाडं कसली, हे काहीच विचारलं जात नाही. म्हणजे रत्नागिरीतली हापूसची बाग आणि सिंधुदुर्गातली काजूची लागवडसुद्धा त्यात येऊ शकते. उलट वनखात्याच्या नोंदीत राखीव वन असलेला माळ छत्र नसल्यामुळे बाहेर राहतो. ७० टक्क्यांवर अतिघन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० विरळ. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के, असं आलं. वर्तमानपत्रांत लगेच 'जंगल वाढलं' आणि 'जंगल घटलं' असे दोन्ही मथळे दिसले. दोघांनीही व्याख्येचं पान उघडलेलं नव्हतं. तू उघड. एखाद्या आकड्यात कुठल्या जागा धरल्या आणि कुठल्या सोडल्या, हे सांगता येणं हाच या शिक्षणाचा मोठा भाग आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत नसते. त्याच अहवालातला लाकडाचा साठा थेट उपग्रहातून निघत नाही, तो जमिनीवरच्या प्लॉटमधून येतो. २०१६ पासून सगळ्या देशावर ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरची जाळी धरून ही मोजणी चालते आणि दरवर्षी पाचवा हिस्सा करत पाच वर्षांत एक फेरी होते. हा अहवाल काढणाऱ्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा जन्म १ जून १९८१ चा, पण मूळ १९६५ मध्ये एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) मदतीने सुरू झालेल्या एका सर्वेक्षणात आहे. कागदगिरण्या, प्लायवूडचे कारखाने काढायचे तर आधी लाकूड किती आहे ते कळायला हवं होतं. आज तीच टेप कार्बनसाठी लावली जाते.

त्याहून जुनी गोष्ट ब्रँडिसची. डीट्रिख ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला, पण त्याआधी १८५६ पासून तो ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनात होता. हत्तीवर बसून तो रानातून सरळ रेघेत जायचा, आणि दिसलेल्या प्रत्येक सागासाठी घेराच्या वर्गाप्रमाणे वेगवेगळ्या काठीवर चाकूने खाच पाडायचा, असं सांगतात. त्या पावसात कागद टिकला नसता. रेघ आखून नमुना घ्यायचा, वर्गवार मोजायचं आणि त्यावरून सगळ्या जंगलाचा अंदाज बांधायचा, हे तेव्हाचं तंत्र पुढे पुष्कळ सुधारलं, तरी गाभा तोच राहिला.

आता प्लॉट म्हणजे काय ते जरा तपशिलात, कारण परीक्षेत चार ओळींत उरकलं जातं ते रानात दिवसभर पुरतं.

०.१ हेक्टरचा चौरस प्लॉट म्हणजे बाजू ३१.६२ मीटर. सपाटीवर सोपं आहे. आता ३० अंशांच्या उतारावर ये. उताराच्या दिशेची बाजू जमिनीला टेकवून ३१.६२ मोजलीस, तर नकाशावर ती २७.३८ मीटरच भरते. प्लॉट हजार चौरस मीटरचा म्हणून नोंदला, प्रत्यक्षात निघाला ८६६ चा. झाडं तेरा टक्के कमी मोजली गेली, आणि हिशोब कितीही काटेकोर केलास तरी ती तूट शेवटपर्यंत आत राहणार. अशा उतारावर ३६.५१ मीटर मोजावे लागतात. एका मोसमात आमच्या तुकडीने हे विसरून बरेच प्लॉट टाकले होते. ते सगळे पुन्हा टाकले, मे महिन्यात. तेव्हापासून उताराचा कोन हा माझ्या तक्त्यातला पहिला रकाना असतो, झाडाच्या नावाच्याही आधी.

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. आपल्याकडे ती १.३७ मीटर, जुन्या साडेचार फुटांमधून आलेली. युरोपातल्या पुस्तकांत १.३ सापडेल, गोंधळू नकोस, पण दोन्हीकडचे आकडे एकत्र करताना लक्षात ठेव. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. त्या उंचीच्या खालीच दुफळी असेल तर दोन झाडं धरायची. वेल टेपखाली दाबायचा नाही. या नियमांसाठी महाग उपकरण लागत नाही, १.३७ वर खूण केलेली एक काठी पुरते, आणि ती रोज सकाळी तपासायची, कारण संध्याकाळी चुलीपाशी तिचं टोक जळलेलं असू शकतं. हे विनोदाने म्हणत नाहीये.

उंची हा सगळ्यात कच्चा दुवा. ॲबनी लेव्हल असो की लेझरचं यंत्र, दाट रानात शेंडा दिसत नाही आणि माणूस जो शेंडा दिसतो तोच आपल्या झाडाचा असं समजून चालतो. कललेल्या झाडाची उंची कलाच्या दिशेने उभं राहून घेतली तर चुकतेच, कलाला आडवं उभं राहावं लागतं. एकाच झाडाची उंची दोघांनी वेगवेगळी मोजावी आणि फरक लिहून ठेवावा. हा फरक पाहिल्याशिवाय कुणी मला 'बायोमास (झाडांचं कोरडं वजन) अमुक टन, दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत' सांगितलं तर मी पान उलटते.

मग येतो सगळ्यांना छळणारा प्रश्न: प्लॉट किती टाकायचे? मिश्र पानगळीच्या जंगलात प्लॉटागणिक घनमानाचा चढउतार ६० टक्के आहे असं धर. १० टक्क्यांच्या आतली चूक हवी असेल तर साधं सूत्र १४४ प्लॉट सांगतं. २० टक्के चालत असेल तर ३६ पुरतात. ५ टक्के हवी? ५७६. चूक निम्मी करायची तर काम चौपट. प्रकल्पाचे पैसे आणि मोसमाचे दिवस हाताशी धरून हे गणित ज्याला साहेबांसमोर मांडता येतं, त्याला पुढे कामाची कमी पडत नाही. आणि उपग्रह खरा उपयोगी पडतो तो इथेच. प्रतिमेवरून जंगलाचे आधी सारखे-सारखे तुकडे पाडले, दाट वेगळं, विरळ वेगळं, बांबूचं वेगळं, की प्रत्येक तुकड्यातला चढउतार कमी होतो आणि तेवढ्याच अचूकतेला कमी प्लॉट लागतात. टेप आणि उपग्रह यांचं भांडण नाहीच. टेपचे दिवस वाचावेत म्हणूनच उपग्रह आहे.

दोघांची गाठ पडते ती प्लॉटच्या अक्षांश-रेखांशावर, आणि तिथेच सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. झाडीखाली हातातला जीपीएस दहा मीटर सहज सरकतो. ३१.६२ मीटरचा प्लॉट दहा मीटर बाजूला गेला म्हणजे त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा भलत्याच पिक्सेलमध्ये पडला. मग संगणकावर संबंध लागत नाही आणि विद्यार्थी दोष देतात अल्गोरिदमला. प्लॉटच्या मध्यावर यंत्र दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवायचं, सरासरी घ्यायची, आणि रस्त्याला किंवा जंगलाच्या काठाला चिकटून प्लॉट टाकायचा नाही. मजूर कंटाळतात, त्यांना चहा द्यायचा.

कोडिंगचं आता थोडक्यात. आर किंवा पायथन, दोन्हींपैकी एक नीट. नकाशांचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर हाताखालचं असू दे. गुगल अर्थ इंजिन आलं पाहिजे, कारण लँडसॅट उपग्रहांचा १९७२ पासूनचा साठा आणि सेंटिनेल-२ च्या दहा मीटरच्या प्रतिमा आता घरबसल्या फुकट मिळतात. लँडसॅट २००८ मध्ये मोफत झाला, त्याआधी आम्ही एकेका प्रतिमेसाठी अर्ज करत बसायचो. आपल्या प्रतिमांसाठी भूनिधी पोर्टल आहे. हे सगळं सहा महिन्यांत जमतं. संख्याशास्त्राला मात्र दोन वर्षं लागतात. नमुना-सिद्धांत आणि प्रतिगमन (रिग्रेशन) हे विषय ढकलपास करून पुढे गेलीस तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवणार नाही.

एक सापळा सांगून ठेवते. प्रबंध तपासायला येतात त्यांतल्या निम्म्यांत 'रँडम फॉरेस्ट, अचूकता ९७ टक्के' असं लिहिलेलं असतं. (रँडम फॉरेस्ट म्हणजे नमुन्यांवरून शिकून पिक्सेलचं वर्गीकरण करणारी संगणकी पद्धत, खरं जंगल नव्हे.) खोलात गेलं की कळतं, एकाच तुकड्यातले शेजारशेजारचे पिक्सेल काही शिकवायला घेतले आणि काही तपासायला. शेजारी शेजाऱ्यासारखाच असणार, यात यंत्राचं कसलं कौतुक! तपासणीच्या जागा वेगळ्या भागातून, लॉटरी पद्धतीने निवडलेल्या हव्यात. आणि बदलाच्या नकाशात तर अचूकतेचा टक्का भलताच फसवा. १०० चौरस किलोमीटर जंगलातलं खरोखर २ तुटलं आहे आणि नकाशा ९५ टक्के अचूक आहे, तर नकाशाची चूकच ५ चौरस किलोमीटरची. तूट २, चूक ५. अशा नकाशावरून कुणावर गुन्हा दाखल झालेला मला पाहायचा नाही.

रडारकडे मात्र आत्तापासून लक्ष ठेव. एनडीव्हीआय, म्हणजे लाल आणि अवरक्त उजेडावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा, दाट झाडीत लवकर तुंबतो, हेक्टरी साठ टन आणि दोनशे टन त्याला सारखेच हिरवे. रडारची लांब लहर पानांतून आत शिरते. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यात एल (लांब लहरीचा) आणि एस (त्याहून आखूड लहरीचा) असे दोन्ही पट्टे आहेत आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो. एल पट्टाही हेक्टरी शंभर टनांच्या आसपास थकतो. त्यापुढच्या घनदाट जंगलांसाठी युरोपने २९ एप्रिल २०२५ ला आणखी लांब लहरीच्या पी पट्ट्याचा बायोमास उपग्रह सोडला. विदर्भातली बरीच विरळ, मध्यम जंगलं निसारच्या आवाक्यात येतात. तू एम.एस्सी.ला पोचशील तेव्हा नवे आकडे असतील आणि ते पडताळायला प्लॉट कमी पडतील. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घे.

विद्यापीठांबद्दल. डेहराडूनची आयआयआरएस, म्हणजे भारतीय सुदूर संवेदन संस्था, १९६६ मध्ये हवाई छायाचित्रं वाचायला शिकवणारी संस्था म्हणून सुरू झाली. वनांसाठी वेगळी शाखा असलेलं तिथलं एम.टेक. हा या विषयातला सरळ रस्ता. तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात, ते आत्ताच करून टाक. त्याच गावात वन संशोधन संस्थेचं अभिमत विद्यापीठ आहे. आपल्याकडे दापोली आणि अकोल्याची वनशास्त्र महाविद्यालयं, आयआयटी मुंबईतलं संसाधन अभियांत्रिकीचं केंद्र, पुण्यात भूमाहितीशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि वन सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालयही. शक्य झालं तर प्रबंध तिथे करावा. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षी संकेतस्थळावर बघ, जुन्या माहितीवर विसंबू नकोस.

पण नावापेक्षा तीन प्रश्न विचार. विभागाचे स्वतःचे कायमस्वरूपी प्लॉट आहेत का, जे दर काही वर्षांनी पुन्हा मोजले जातात? अभ्यासक्रमात रानातले दिवस किती? मागच्या पाच प्रबंधांत जमिनीवरचा डेटा विद्यार्थ्याने स्वतः गोळा केला होता की कुठूनतरी उचललेला? तिसऱ्या प्रश्नावर चाचपडणारा विभाग कितीही मोठ्या नावाचा असला तरी मी विद्यार्थिनीला तिथे पाठवत नाही.

परदेशाचंही अनेकजण विचारतात. नॉर्वे, फिनलंड आणि स्वीडनने १९२० च्या आसपासच राष्ट्रीय मोजणी सुरू केली, त्यामुळे योएन्सू किंवा उमिओसारख्या गावांतली विद्यापीठं या विषयात मुरलेली आहेत. जावं जरूर, शिष्यवृत्ती मिळत असेल तर. फक्त एक भान ठेव. फिनलंडचं जंगल म्हणजे बहुतांशी पाइन, स्प्रूस आणि बर्च. सह्याद्रीत एका छोट्या प्लॉटमध्ये वीस-पंचवीस जाती सहज सापडतात. तिकडे लायडारच्या, म्हणजे लेझरने उंची टिपणाऱ्या यंत्राच्या, ठिपक्यांवरून घनमान काढायचं सूत्र जितकं सफाईने चालतं, तितकं आंबोलीत चालत नाही. परत येऊन ते इथल्या रानाला बेतून घ्यायचं काम उरतंच.

नोकरीचं खरं चित्र सांगते: सुरुवातीला बहुतेक कामं कंत्राटी, वर्षावर्षाच्या मुदतीची. वन विभागाच्या कार्य आयोजनांसाठी (वर्किंग प्लॅन), कार्बन प्रकल्पांसाठी, ड्रोनच्या कंपन्यांसाठी माणसं लागतात. पण मला सगळ्यात जीव लावणारं काम मिळालं ते गडचिरोलीत, ग्रामसभांसोबत. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि मागोमाग अनेक गावांना. आता जंगल गावाचं, तर किती बांबू काढायचा हे गावालाच ठरवायचं. बांबू सागाच्या छत्राखाली असतो, वरून प्रतिमेत बहुतेकदा दिसत नाही. बेटं मोजावी लागतात, आणि प्रत्येक बेटात यंदाचा कोंब किती, गेल्या वर्षीचा किती, पक्का किती, वाळलेला किती. हे वर्गीकरण मला एका गोंड आजींनी शिकवलं, नुसतं बोटाने टिचकी मारून आवाजावरून. नंतर आम्ही कापून तपासलं, त्या क्वचितच चुकल्या. झाडांची स्थानिक नावं शिकून घे. वनमजूर लेंडिया म्हणतो, येन म्हणतो, गराडी म्हणतो, आणि तुला फक्त लॅटिन येत असेल तर दिवसभरात दोन प्लॉट होतील, चार नाही.

बाबांना सांग, एकटीने कुणीच जात नाही, मुलगाही नाही. चार-पाच जणांची तुकडी असते, सोबत त्या बीटचा, म्हणजे त्या हद्दीचा, वनरक्षक, आणि आज महाराष्ट्रात कित्येक बीटांवर वनरक्षक बाईच असते. अडचणी खऱ्या आहेत, पण त्या बाबांना वाटतात त्या नाहीत. मुक्काम कुठे, तिथे न्हाणीघर आणि संडास आहे का, हे निघण्याआधी स्पष्ट विचारायचं आणि नसेल तर नाही म्हणायचं. पहिल्या वर्षी मी भिडेखातर विचारलं नाही आणि दिवसभर पाणी कमी पीत राहिले. त्याने तब्येत गेली, वाघाने नाही. वाघापेक्षा भीती अस्वलाची, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटेची. मोहाखाली उजाडायच्या आत जायचं नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत कुठल्या मोजणीत शिरायला मिळालं तर पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि पायमोज्यात खोचलेली पँट. तेव्हा खाजकुयलीच्या शेंगा वाळू लागलेल्या असतात. कुस लागली तर पाण्याने धुवायची नाही, आधी शेण किंवा ओली माती लावून वाळू द्यायची आणि मग खरवडून काढायची. तेवढ्यात टेपचं दुसरं टोक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे.